हेमराज पोहोचला का?

बातमी आली तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात दाखिल-खारिज रजिस्टर लिहीत होते. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. फोन सुमेधचा होता, माझ्या थोरल्या बहिणीच्या, कुंदाताईच्या मुलाचा. तो दोनच वाक्यं बोलला. "मावशी, पापा नहीं रहे. तू ये अन् कागद काढ." मी "हौ" म्हटलं, हातातली नोंद पुरी केली, रजिस्टर कपाटात ठेवलं, किल्ली मोठ्या मॅडमकडे दिली आणि स्कूटी काढली. कुंदाताईचं घर येईपर्यंत डोक्यात फक्त कागदच होता... यंत्रात रोल आहे का, कात्री कुठे असेल, कोणाकोणाचे नंबर बदललेत. दारात स्टँड लावताना पहिल्यांदा कळलं की आपले भाऊजी गेले आहेत, आणि ते सांगताना कोणी आपल्याला खाली बस म्हटलं नाही की पाण्याचा पेला पुढे केला नाही. त्या पोराचा मला रागच आला. तो राग कसा चुकीचा होता, हे कळायला बावीस दिवस गेले.

हेमराजभाऊजी बालाघाटच्या एका सरकारी कार्यालयात संगणकाच्या खोलीत नोकरीला होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. साळी आणि भाऊजी म्हटलं की थट्टा आलीच, पण आमची थट्टा कायम एकाच गोष्टीवरून चालायची, याद्यांवरून. मला याद्या करायची सवय लहानपणापासून. किराणा, लग्नाला आलेले, लग्नाला न आलेले, कोणता डबा कोणाकडे गेला आणि परत आला की नाही, सगळं वहीत. त्यांच्या लग्नात मी बारा वर्षांची होते आणि जेवणाऱ्यांची यादी हातात धरून मांडवाच्या तोंडाशी उभी राहिले होते. यादीत नाव नसलेल्या तिघा वऱ्हाड्यांना मी अडवलं होतं, त्यात एक नवरदेवाचे मामा होते. हे भाऊजी शेवटपर्यंत लोकांना सांगत. पुढे मी शाळेत हेडक्लार्क झाले, तेव्हापासून तर माझं नावच बदललं. दार उघडतानाच म्हणायचे, "या बडेबाबू. आज कोनाले खारीज केलं?"

त्यांच्या यादीची गोष्ट त्यांच्या वडिलांच्या मयतीपासून सुरू होते. तेव्हा एक निरोप राहिला. हट्टा गावच्या आत्याला थोरल्या मुलाने सांगितलं असेल असं धाकट्याला वाटलं आणि धाकट्याने सांगितलं असेल असं थोरल्याला. आत्याला भावाचं जाणं कळलं ते चौथ्या दिवशी, बाजारात, भाजी घेताना, भलत्याच बाईकडून. त्यानंतर नऊ वर्षं ती या घराची पायरी चढली नाही. शेजारच्या लग्नाला आली, समोरच्या ओट्यावर बसून पाणी प्यायली, पण इकडे मान वळवली नाही. आमची माणसं बालाघाट, लांजी, गोंदिया अशी राज्याच्या हद्दीच्या दोन्ही बाजूंना पांगलेली. इथे बाकी भांडणं मिटतात, पण निरोप आला नाही ही गोष्ट मिटत नाही. भाऊजींनी हे मनाला लावून घेतलं. ते म्हणायचे, आत्या रागावली ती मयतीला येता आलं नाही म्हणून नाही. आपण कोणाच्याच ध्यानात नव्हतो, हे तिला कळलं, म्हणून.

मग त्यांनी मयतीच्या निरोपाची यादी संगणकावर करायला घेतली. काळ्या पडद्यावर ओळी लिहून संगणकाकडून काम करून घ्यायची एक रीत असते, तिला शेल म्हणतात. ऑफिसात त्यांचं आयुष्य त्यातच गेलेलं. मी म्हटलं, त्यात काय मोठं, माझी वही घ्या, एका घराला एक ओळ, निरोप गेला की खूण. ते हसले. "बडेबाबू, तुमची वही म्हंजे शाळेची हाजरी. त्या घराले कोन सांगन, अन् त्यायनं पुढं कोनाले सांगाचं, हे कुठी लिवता?" मुद्दा खरा होता. एक माणूस शंभर फोन करू शकत नाही. एकाने पाचांना सांगायचं, त्या पाचांनी आपापल्या पाचांना. म्हणजे प्रत्येक नावाच्या पोटात आणखी एक यादी, आणि त्या यादीतल्या नावांच्या पोटात आणखी. हे मला पटवायला त्यांनी एकदा स्वयंपाकघरातून मिसळणाचा डबा आणला आणि वाट्या काढून वाटीत वाटी घालून दाखवू लागले. कुंदाताई मागून ओरडली, "माहं जिरं मोहरीत सांडलं ना! मेलेल्यायची यादी करा लागते म्हनून जित्यायले उपाशी ठेवता का?"

अडचण अशी होती की त्यांच्या जुन्या शेलमध्ये यादीच्या पोटात यादी बसत नव्हती. त्याला सगळे शब्द सारखेच, माणूस काय आणि गाव काय. मग ते गावाचं, घराचं आणि माणसाचं नाव एकमेकांना जोडून एक लांबलचक नाव करायचे आणि आत काय आहे ते स्वतः लक्षात ठेवायचे. मधे जागा सुटली की यंत्र नाव तोडायचं. राम प्रसाद नावाच्या आमच्या एका पाहुण्याला त्याने दोन माणसं करून टाकलं, एक राम आणि एक प्रसाद, आणि दोघांना सांगायला दोन वेगळी माणसं नेमली. भाऊजी वैतागले. कितीतरी महिने खटपट केल्यावर त्यांना नव्या तऱ्हेचा शेल मिळाला. त्यात यादीत यादी, तिच्यात यादी, हवी तितकी खोल ठेवता येई. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपले प्रकार आपण ठरवता येत. ही नुसती अक्षरं नाहीत, हा अमुक प्रकारचा माणूस आहे आणि त्याच्याबद्दल एवढं एवढं लिहिल्याशिवाय याला आत घेऊ नको, असं यंत्राला बजावता येत होतं.

हे प्रकार त्यांना का हवे होते, ते मोठीमायमुळे. मोठीमाय म्हणजे त्यांची थोरली काकू. भाऊजींची आई ते रांगत असतानाच गेली आणि मोठीमायनेच त्यांना वाढवलं. तिचं गाव लांजीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. तिचा नवरा तालुक्याच्या दवाखान्यात वारला तेव्हा कोणीतरी मोटारसायकलवरून, न उतरताच, तिला रस्त्यावरून हाक मारून सांगितलं. ती अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या दिवसापासून तिच्या हातात काठी आहे. तेव्हापासून घराण्यात एक नियम झाला. मयत कोणाचीही असो, मोठीमायला हेमराजच सांगणार. ते बसने जायचे, जेवायचे, तिच्याजवळ बसायचे आणि मग सांगायचे. नुसतं वाईट सांगायलाच गेलो तर दारात दिसताच ती घाबरेल, म्हणून ते मधून मधून काही कारण नसतानाही जाऊन जेवून यायचे. यादीत त्यांनी 'सरळ' असा एक प्रकार केला, म्हणजे फोनवर सांगितलं तरी चालेल असा माणूस. 'घरी' असा दुसरा, म्हणजे समोर जाऊनच सांगायचं. आणि 'हळू' असा तिसरा. 'हळू' माणसाजवळ कोण बसणार, ते नाव लिहिल्याशिवाय आणि तो तिथे पोहोचला असं कळल्याशिवाय यंत्र त्याच्या निरोपाची चिठ्ठी छापत नसे.

हो, चिठ्ठ्या. एका बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी बिलं छापायचं छोटं यंत्र आणलं होतं. यादी चालवली की त्यातून कागदाची पट्टी यायची, एकेकाच्या नावाची, खाली त्याने कोणाला सांगायचं आणि कसं सांगायचं. आपल्या मागे हे चालवायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. सुमेधला मराठी नीट वाचता येत नाही, कुंदाताई यंत्राला हात लावत नाही, आणि "बडेबाबूले खाडाखोड सहन होत नाई" असं त्यांचं म्हणणं. दरवर्षी एका रविवारी सराव व्हायचा. "मीच मेलो म्हनून धर," म्हणायचे आणि स्वतःच संगणकापुढे बसायचे. मी पाठीमागच्या वेताच्या मोड्यावर बसून पट्ट्या कापायची. एका वर्षी अशी एक पट्टी टेबलावरच राहिली आणि कोणाच्या तरी पिशवीबरोबर लामत्याच्या मामांकडे गेली. दुसऱ्या दिवशी मामा पांढरा सदरा घालून, डोळे सुजवून दारात. दार उघडलं ते भाऊजींनीच. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मंग हे काय हाय?" भाऊजी म्हणाले, "परीक्षा होती." "पास का नापास?" "पास. सगळ्यायले निरोप पोचला." मामा खाली बसले. "पास झाला तं चहा टाक. लामत्यापासून रडत आलो मी." त्यानंतर सरावाच्या प्रत्येक पट्टीवर 'सराव' असा ठळक शब्द छापून यायला लागला.

त्या दुपारी पट्ट्यांवर तो शब्द नव्हता. पुढच्या खोलीत त्यांना आंघोळ घालत होते, आणि मागच्या खोलीत मी त्यांच्या खुर्चीवर बसून त्यांच्याच मयतीच्या पट्ट्या कापत होते. शहाऐंशी झाल्या. मग कागद थांबला. पडद्यावर तळाशी एक ओळ होती, 'हेमराज पोहोचला का?', आणि तिच्यापुढे ती छोटी रेघ लुकलुकत होती. ती ओळ मी वाचली. स्पष्ट वाचली, हे मी इथे लिहून ठेवते. मला वाटलं, शेवटच्या सरावातलं काहीतरी राहून गेलं असेल. आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न मला बघवला नाही. मी पडदा बंद केला. मग पट्ट्या वाटल्या, फोन झाले, माझ्या वहीत घरामागे घर खूण पडत गेली. संध्याकाळी मोक्षधामावर हट्ट्याची आत्यासुद्धा होती, सुमेधच्या खांद्यावर हात ठेवून उभी. पुण्यानुमोदनाला विहारात बसायला जागा उरली नाही. एकही निरोप राहिला नाही असं जो तो मला म्हणत होता. मी वरवर नको नको म्हणत होते, पण मनातून मला बरं वाटत होतं.

बाविसाव्या दिवशी भाऊजींचा मोबाइल वाजला. कुंदाताईने तो न उचलता माझ्या हातात दिला. मोठीमायची सून निर्मला बोलत होती, दबक्या आवाजात. "बाई, तुमी लोकं कधी येता? बुढी रोज विचारते, हेमराज काहून नाई आला. आमी मातीले आलो तवा लग्नाले चाल्लो म्हनून सांगतलं. आता धान कापाले आलेल्या बायाबी तिच्यासमोर तोंड दाबून राहतेत. किती दिवस दाबाचं?" मी म्हटलं, तुमच्या घरी तर निरोप गेला होता, माझ्या वहीत खूण आहे. ती म्हणाली, "घरी आला ना. पन बुढीले तं हेमराजभाऊच सांगतेत..."

फोन ठेवल्यावर मला पडद्यावरची ती ओळ आठवली. मी मागच्या खोलीत जाऊन पडदा चालू केला. ओळ तिथेच होती. बावीस दिवस यंत्र तिथेच थांबून होतं. मोठीमाय 'हळू', तिच्याजवळ बसणारा हेमराज, आणि हेमराज पोहोचल्याचं कोणी सांगेना. सरावात भाऊजी माझ्याशी थट्टा करता करता एक बटण दाबायचे, ते या प्रश्नाचं 'हौ' होतं. मी पाठीमागे पट्ट्या कापत असल्याने ते मी कधी पाहिलंच नाही. दरवर्षी 'मीच मेलो' म्हणत होते, पण त्या प्रश्नापाशी ते जिवंत माणसासारखं उत्तर देत होते, म्हणून परीक्षा दरवेळी पास. आणि माझी वही? माझ्या वहीत एका घराला एक ओळ. निर्मलाला कळलं की घराला कळलं. घराच्या पोटातली म्हातारी माझ्या वहीत नव्हतीच.

मी यादी उघडली. एवढं त्यांनी मला शिकवलं होतं. मोठीमायच्या नावाच्या पोटात लिहिलं होतं: बसणारा, हेमराज. बाजू, डावी, कारण उजव्या कानाने ऐकू येत नाही. आधी जेवण. हात धरू नये, धरला की तिला कळतं. आधी नाव, मग बातमी. 'गेला' हा शब्द एकदाच. आणि शेवटी, निरोपाशिवायचं शेवटचं जेवण, समोर त्यांनी टाकलेली तारीख. मी हेमराजच्या जागी माझं नाव टाकलं, सुषमा. यंत्राने लाल अक्षरात ते परत केलं. सुषमाचं निरोपाशिवायचं जेवण नाही. म्हणजे जी बाई त्या घरी कधी सहज गेलेली नाही, तिला तिथे वाईट सांगायला पाठवता येणार नाही, असा त्यांनी प्रकारच केलेला होता. एखादी तारीख ठोकून दिली असती तर यंत्राला काय कळणार होतं? बोट त्या जागी गेलंही होतं. पण वीस वर्षांच्या नोकरीत मी मागची तारीख कधी टाकलेली नाही... आणि कोणाला फसवायचं होतं, यंत्राला की मोठीमायला?

तिथूनच बाहेर पडताना माझं नाव दिसलं. मला वाटलं होतं, मी 'सरळ' असणार. पण माझ्यापुढे चौथाच एक प्रकार होता, 'काम', आणि साऱ्या यादीत त्या प्रकारात मी एकटीच होते. खाली लिहिलेलं होतं: दोन वाक्यांत सांगावे, दुसरे वाक्य कामाचे असावे. पाणी देऊ नये, बस म्हणू नये. काम संपल्यावर बसणारा, कुंदा. मी ते वाचून यादी बंद केली. भाऊजींनी माझी पट्टी आधीच छापून ताईकडे ठेवली असणार, तिने ती सुमेधला वाचून दाखवली आणि त्याने ती अक्षरशः पाळली होती. पण काम संपल्यावर काय, याचा विचार करायला मला तेव्हा धीर नव्हता. काम संपलेलंच नव्हतं.

मी कुंदाताईला म्हटलं, येत्या रविवारी नुसती जेवून येते, पुढच्या रविवारी सांगते. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "तुले भेव लागते, म्हनून तू मशीनच्या मांगं लपून राह्यली, सुषमा." ते थोडं खरं होतं. ते सबंध पंधरा दिवस मी कसे काढले, ते मलाच माहीत. फोन वाजला की वाटायचं, कोणीतरी तिला रस्त्यावरून हाक मारून सांगितलं. वाटायचं, ती पडली. वाटायचं, आपण नियम पाळत बसलो आणि ती न कळताच गेली, मग तिचा निरोप आपण कोणत्या तोंडाने छापणार? मी वहीत या सगळ्यांची यादीसुद्धा केली, आणि प्रत्येकापुढे तसं झालं तर काय करायचं ते लिहिलं. अर्ध्या ओळींपुढे लिहायला काही सुचलं नाही.

पहिल्या रविवारी लांजीच्या बसने गेले. निर्मला मला पाहून दारातच पांढरी पडली, मी तिला डोळ्यांनी नाही म्हटलं. मोठीमाय ओसरीत सूप घेऊन लाखोरीचे दाणे निवडत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी वळखतो तुले. कुंदाची बहीन. लग्नात यादी घेऊन फाटकात उभी होती, माह्या भावाले आत येऊ नाई देल्लं." मी म्हटलं, "त्यायचं नाव नव्हतं ना यादीत." ती दात नसलेल्या तोंडाने हसली. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी. मधेच तिने विचारलं, "हेमराज नाई आला?" मी म्हटलं, "नाई." त्यापुढे खोटं बोलायचं नाही, एवढं मी ठरवून गेले होते. ती माझ्या ताटाकडे बघत राहिली. "भाजी घे अजून." घरी येऊन मी तारीख टाकली. या वेळी लाल अक्षरं आली नाहीत.

दुसऱ्या रविवारी मोठीमायच्या घराच्या कोपऱ्यावरून मी सुमेधला फोन केला. "पोहोचले." तो म्हणाला, "टाकू?" "टाक." फोनमधून त्या छोट्या यंत्राचा कागद सरकल्याचा आवाज आला, किर्रर्र... आणि थांबला. मोठीमाय मला पाहून म्हणाली, "परत आली? कुंदाच्या घरी भाजी नाई का भेटत?" मी जेवले. हात धुतले. तिच्या डाव्या बाजूला बसले. तिचा हात सुपावर होता, मी माझे हात पदराखाली एकमेकांत गच्च धरून ठेवले होते. म्हटलं, "मोठीमाय, हेमराजभाऊजी..." तिची बोटं दाण्यांवर थांबली. मी म्हटलं, "गेले."

तिने सूप खाली ठेवलं. आत निर्मलाने तोंडात पदर कोंबलेला कळत होता. मोठीमायने विचारलं, "कधी?" म्हटलं, महिना होऊन गेला. "मले कोनी नाई सांगतलं." मी म्हटलं, "तेच सांगत ना तुमाले." ती मान हलवत राहिली. "हौ. तोच सांगे." मग बराच वेळ ती रडली, आवाज न करता. मी हात धरला नाही. शेवटी तिने डोळे पुसले, काठी जवळ ओढली आणि माझ्याकडे वळून एकदम घाबऱ्या आवाजात म्हणाली, "मंग आता मले कोन सांगन?" मी म्हटलं, "मी येईन सांगाले." तिने तो शब्द तोलून पाहिल्यासारखा केला. "तशी बी येत जाय," म्हणाली. "नुसती."

बालाघाटला परतले तेव्हा ऊन कलत होतं. मागच्या खोलीत यंत्राला सत्त्याऐंशीवी पट्टी लोंबत होती. वर मोठीमायचं नाव, खाली 'हळू', त्याखाली बसणारा, सुषमा. मी ती कापली, वहीत त्या घराच्या ओळीखाली एक नवी ओळ ओढली, तिच्यावर मोठीमायचं नाव लिहिलं आणि खूण केली. पेनाला टोपण लावलं. कात्री तिच्या जागी ठेवली. मग पुढे काय करायचं, ते मला कळेना. आजूबाजूला पाहिलं, आवरायला काहीही नव्हतं. सुमेध दारातून बघून गेला. आत त्याचा आणि ताईचा हळू आवाज आला, ताई माझी पट्टी पुन्हा वाचून बघत असल्यासारखा. मग कुंदाताई आली. भाऊजींची खुर्ची टेबलाच्या पलीकडे होती, ती तिने उचलून माझ्या मोड्याजवळ आणली, उजवीकडे ठेवली, थोडी थांबली, आणि परत उचलून डावीकडे ठेवली.

"झालं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "झालं." ती माझ्या डाव्या बाजूला बसून राहिली, हात न धरता. माझे दोन्ही कान चांगले आहेत, हे मी तिला सांगितलं नाही.